रॅलेमध्ये कॅम्पसबाहेर घर कसं शोधावं

अमेरिकेतल्या रॅले शहरातल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीचं आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारं विद्यापीठाचं प्रवेशपत्र) हातात आलं की सगळं घर व्हिसाच्या मागे लागतं आणि राहायच्या जागेचा विषय जुलैवर जातो. तो मेमध्येच हाती घ्या. रॅलेतल्या विद्यार्थी वस्तीतल्या बऱ्याच लीज (भाडेकरार) ऑगस्टमध्ये सुरू होतात, म्हणून चांगल्या जागा त्याआधीच ठरून जातात.

पहिलं काम: तुमचा विभाग कुठे भरतो ते बघा. मुख्य कॅम्पस हिल्सबरो स्ट्रीटला लागून आहे, पण इंजिनीअरिंगचे बरेच विभाग दक्षिणेला सेंटेनियल कॅम्पसवर आहेत. आपली मुलं बहुतेक ॲव्हेंट फेरी रोड आणि गॉर्मन स्ट्रीटच्या आसपास राहतात. विद्यापीठाच्या वुल्फलाइन बसला तिकीट लागत नाही. घराचे फोटो बघण्याआधी या बसचं वेळापत्रक उघडा. रात्री लॅबमधून उशिरा निघालात तर शेवटची बस किती वाजता? शनिवार-रविवारी आणि सुट्टीत किती फेऱ्या? गाडी नसलेल्या मुलासाठी शंभर डॉलर स्वस्त पण बसपासून लांब असलेलं घर महागच पडतं.

मग रूममेट. स्वयंपाकाच्या पाळ्या, सामिष-निरामिष, झोपायच्या वेळा, भाडं वाचवायला हॉलमध्ये कोणी राहणार का, हे व्हिडिओ कॉलवर मोकळेपणानं बोला. हॉलमध्ये राहणाऱ्याचंही नाव लीजवर हवं, नाहीतर एका तक्रारीवर सगळे अडचणीत येतात.

लीज दोन प्रकारची असते आणि मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते याबद्दल. वैयक्तिक लीजमध्ये तुम्ही फक्त तुमच्या खोलीच्या भाड्याला बांधील असता. संयुक्त लीजमध्ये पूर्ण भाड्याची जबाबदारी प्रत्येकावर असते. आमची लीज संयुक्त होती. तिसरा मित्र डिसेंबरमध्ये दुसऱ्या विद्यापीठात गेला आणि त्याचा वाटा आम्ही दोघांनी जुलैपर्यंत भरला. त्याच्याशी भांडण नव्हतं, पण ते सात महिने फार ओढाताणीचे गेले. म्हणून मध्येच कोणी सोडलं तर बदली माणूस कोण आणणार आणि सबलीजला (आपली जागा दुसऱ्याला पोटभाड्यानं द्यायला) मालकाची परवानगी आहे का, हे सही करण्याआधी लिहून घ्या.

भारतातून पैसे पाठवण्यापूर्वी एक तपासणी कराच. रॅले ज्या वेक काउंटीत (जिल्ह्यात) येतं, तिच्या मालमत्ता नोंदी ऑनलाइन फुकट बघता येतात. पत्ता टाकला की मालकाचं नाव दिसतं. ते नाव आणि पैसे मागणाऱ्याचं नाव जुळत नसेल तर कारण विचारा. तिथे असलेल्या एखाद्या सीनिअरला घरात जाऊन तिथूनच व्हिडिओ कॉल करायला सांगा. घर दाखवायला टाळाटाळ होत असेल, किंवा गिफ्ट कार्डानं आगाऊ रक्कम मागत असतील, तर तिथेच थांबा.

लीज वाचताना राज्याचा कायदा माहीत असू द्या. महिन्या-महिन्याच्या करारापेक्षा मोठ्या मुदतीच्या लीजवर डिपॉझिट २ महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. अमेरिकेत तुमचा क्रेडिटचा (कर्ज-उधारी फेडल्याचा) इतिहास नसल्यानं जास्त डिपॉझिट मागतात, तेव्हा ही मर्यादा लक्षात ठेवा. भाडं ५ दिवस थकल्यावरच उशिराचा दंड लागू शकतो, तोही १५ डॉलर किंवा भाड्याच्या ५ टक्के, यांतलं जे जास्त असेल तेवढाच. एसी बिघडला म्हणून आपल्या मनानं भाडं रोखू नका, इथला कायदा त्याला परवानगी देत नाही. तक्रार लेखी करा. अडलात तर विद्यापीठाच्या विद्यार्थी कायदा सल्ला विभागाकडे जा. सही करण्याआधी गेलात तर आणखी चांगलं.

वीज ड्यूक एनर्जीची. सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक) नसताना जोडणीला कोणती कागदपत्रं आणि किती डिपॉझिट लागेल, हे निघण्याआधी विचारा. लीज सुरू व्हायच्या चार दिवस आधी विमान उतरत असेल तर तेवढ्या रात्रींची सोयही आताच करा.

किल्ली मिळाली की सामान आत नेण्याआधी प्रत्येक खोलीचे, कार्पेटच्या डागांचे, बाथरूममधल्या बुरशीचे तारखेसह फोटो काढा आणि त्याच दिवशी मालकाला ईमेल करा. घर सोडताना नवा पत्ता लेखी द्या. त्यानंतर ३० दिवसांत डिपॉझिटचा हिशेब यायला हवा. नुकसान किती ते तोवर ठरलं नसेल तर तात्पुरता हिशेब ३० दिवसांत आणि अंतिम ६० दिवसांत. रोजच्या वापरानं झालेल्या झिजेचे पैसे त्यातून कापता येत नाहीत, आणि असे पैसे कापले गेलेच तर तुमच्या हाती पुरावा म्हणून पहिल्या दिवशीचे ते फोटो असतील.