बॅन करण्याआधी त्या ब्लॉकचा आधीचा इतिहास बघा

माइनक्राफ्ट या ठोकळे (ब्लॉक) रचण्याच्या ऑनलाइन खेळाच्या एका सर्व्हायव्हल सर्व्हरवर, जिथे सामान स्वतः गोळा करून घरं बांधायची असतात, मी पाच वर्षं मॉडरेटर आहे, म्हणजे नियम मोडणाऱ्यांना आवरायचं काम करते. त्याआधी दोन वर्षं तिथेच नुसती खेळत होते. "स्टाफ आपापल्या दोस्तांना सांभाळून घेतो" हे वाक्य आधी मी स्वतः म्हणायचे, नंतर तेच माझ्याबद्दल ऐकलं. दोन्ही वेळा ते तितकंच लागलं. म्हणून हे लिहितेय, नव्याने मॉड झालेल्यांसाठी आणि त्यांच्यावर चिडलेल्या खेळाडूंसाठीही.

माझ्या अनुभवात भांडण पेटतं ते शिक्षेनंतर स्टाफने गप्प बसण्यामुळे. कारण कळलं आणि दाद मागायला जागा मिळाली, की बहुतेक लोक सात दिवसांचा बॅनसुद्धा गिळतात.

माझी सगळ्यात मोठी चूक आधी सांगते. एका रात्री तक्रार आली: अमुक खेळाडू शेजारच्या घराची भिंत फोडतोय. मी कोअरप्रोटेक्टमध्ये नोंदी काढल्या. हे प्लगइन कोणता ब्लॉक कोणी ठेवला, कोणी फोडला, पेटीतून कोणी काय काढलं, सगळं वेळेसकट लिहून ठेवतं. पण मी मागवलं काय, तर शेवटच्या एका दिवसातले फक्त फोडलेले ब्लॉक. भिंतीचे बावीस दगड, सगळ्यांपुढे एकच नाव. क्लेम, म्हणजे त्या जागेवरचा नोंदवलेला हक्क, दुसऱ्याच्या नावावर. मी त्याला तीस दिवसांचा बॅन दिला, कारणाच्या जागी एकच शब्द टाकला, "ग्रीफिंग" (दुसऱ्याच्या बांधकामाची नासधूस), भिंत रोलबॅकने, म्हणजे झालेले बदल उलटवून, जशीच्या तशी उभी केली आणि झोपायला गेले.

सकाळी डिस्कॉर्डवर, म्हणजे आमच्या गप्पांच्या अ‍ॅपवर, आग लागली होती. ते घर दोघांनी मिळून बांधलं होतं. क्लेम मित्राच्या नावावर होता एवढंच. मी कोअरप्रोटेक्टचा इन्स्पेक्ट मोड (क्लिक केलेल्या ब्लॉकचा इतिहास दाखवणारा) लावून त्याच दगडांवर क्लिक करत गेले आणि तीन महिन्यांपूर्वीच्या नोंदी समोर आल्या: बावीसच्या बावीस दगड त्यानेच ठेवलेले. स्वतःची भिंत तो पाडत होता, तिथे खिडकी हवी होती म्हणून.

तेव्हापासून माझी पद्धत पक्की आहे. कोणी फोडलं हे दिसलं की लगेच, ठेवलं कोणी होतं ते बघायचं. मग क्लेममध्ये कोणाकोणाला परवानगी आहे ते. मग, प्रकरण कितीही उघड वाटलं तरी, आरोप झालेल्याला एक सरळ प्रश्न: "ही भिंत का पाडलीस?" तो ऑनलाइन असेल तर याला दोन मिनिटं लागतात. नुकसान चालूच असेल तर तेवढ्यापुरतं त्याला थांबवा, निकाल मात्र उत्तर आल्यावर द्या.

एक्स-रेच्या, म्हणजे दगडाआडची खनिजं दाखवणारी फसवी युक्ती वापरल्याच्या, आरोपात तर याहून सावध राहावं लागतं. एखाद्याकडे हिरे खूप आहेत, हा पुरावा नाही. त्याने खणलेला बोगदा चालत जाऊन बघा. सरळ जाणारा बोगदा दगडाआड पूर्ण लपलेल्या हिऱ्याकडे अचानक वळतो, तो उचलतो आणि तिथून थेट पुढच्या लपलेल्या हिऱ्याकडे जातो, असं पुन्हा पुन्हा होत असेल तर संशयाला जागा आहे. गुहेच्या भिंतीत उघडे दिसणारे हिरे उचलले असतील तर तो फक्त मेहनती आहे. हे तपासायला अर्धा तास जातो. तेवढा वेळ नसेल तर प्रकरण दुसऱ्या मॉडला द्या, अंदाजाने बॅन देऊ नका.

आता बॅनचा मजकूर. माझ्या मते निम्मा तणाव इथेच मिटतो किंवा इथेच पेटतो. "ग्रीफिंग" एवढंच वाचून समोरच्याला वाटतं, यांनी काही पाहिलंच नाही. मी आता असं लिहिते: "नियम ४, दुसऱ्याच्या पेटीतून परवानगीशिवाय वस्तू काढणे. काल रात्री साडेदहा ते अकरा, उत्तरेकडच्या गावातल्या तीन पेट्या. नोंद जतन आहे. बॅन सात दिवस. हे चुकीचं वाटत असेल तर अपीलचं टिकेट उघड. ते मी वाचणार नाही, दुसरा मॉड वाचेल." त्यात टोमणा नको, "शेवटी सापडलासच" अशी भाषा नको. तो मजकूर स्क्रीनशॉट होऊन सगळीकडे फिरणार आहे हे धरूनच लिहा.

ज्याने बॅन दिला त्याने अपील ऐकू नये. दोघांचाच स्टाफ असेल तर तो दुसरा ऐकेल. टिकेटला, म्हणजे स्टाफकडे केलेल्या त्या लेखी अर्जाला, दोन दिवसांत उत्तर गेलंच पाहिजे, मग ते "अजून नोंदी बघतोय, रविवारपर्यंत सांगतो" एवढंच का असेना. निकाल बदलला तर तसं स्पष्ट लिहा, आणि नाही बदलला तर का नाही तेही. पुराव्याची एक प्रत स्वतःकडे ठेवा, कारण डिस्कॉर्डचा ऑडिट लॉग (स्टाफने काय काय केलं याची नोंद) ४५ दिवसांपुरताच राहतो आणि जुना बॅन उकरून काढणारे लोक बहुतेक त्यानंतर येतात.

स्टाफ स्वतः खेळतो, हे दुखणं सगळ्यात जुनं. ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या ऑनलाइन खेळात एका डेव्हलपरने खेळातले दुर्मीळ ब्लूप्रिंट (वस्तू बनवण्याचे आराखडे) स्वतःकडे वळवल्याचं २००७ मध्ये उघड झालं आणि खेळाडूंचा विश्वास पार ढासळला. २००८ मध्ये तिथे खेळाडूंनी निवडून दिलेलं मंडळ आलं, कौन्सिल ऑफ स्टेलर मॅनेजमेंट. छोट्या सर्व्हरवर निवडणूक घ्यायची गरज नाही, पण मूळ गोष्ट तीच. आमच्याकडे प्रत्येक मॉडची दोन खाती आहेत. खेळायच्या खात्याला कसलेही अधिकार नाहीत. स्टाफच्या खात्यावरून कोणी क्रिएटिव्ह मोड (ज्यात हवं ते सामान फुकट मिळतं) लावला, वस्तू दिली किंवा कोणाकडे टेलिपोर्ट झालं, की ती नोंद सगळ्यांना दिसणाऱ्या चॅनेलमध्ये आपोआप पडते. हे सुरू केलं तेव्हा एक जुना सहकारी दुखावला होता, त्याला वाटलं आमचा त्याच्यावर भरवसा नाही. मी त्याला म्हटलं, उद्या कोणी तुझ्यावर आळ घेतला तर तुझ्या बाजूने बोलणारी हीच नोंद असेल. आपल्या गटातल्या, आपल्या शेजाऱ्याच्या किंवा ज्याच्याशी आपलं वाजलंय त्याच्या प्रकरणाला आपण हातच लावायचा नाही.

चालू चॅटमध्ये वाद पेटला तर तिथे न्यायनिवाडा करू नका. स्लो मोड (दोन संदेशांमध्ये थांबायला लावणारा) लावा, दोघांना वेगवेगळ्या टिकेटमध्ये बोलवा. टाइमआउट, म्हणजे ठरावीक वेळ बोलण्याची बंदी, दिलाच तर तासाभराचा पुरतो. डिस्कॉर्ड २८ दिवसांपर्यंत देऊ देतं म्हणून तेवढा द्यायलाच हवा असं नाही. चॅटमधला शेवटचा शब्द खेळाडूचा असला तर असू द्या. नियमावर केलेली टीका आणि माणसाला दिलेली शिवी यात फरक करा. "हा नियम भिकार आहे" म्हणणाऱ्याला मी कधीच म्यूट करत नाही. नियम बदलायचा असेल तर आठवडाभर आधी सांगा, आणि जुन्या वागण्याला नवा नियम लावू नका.

खेळाडूंना एवढंच सांगेन: तक्रारीत वेळ, कोऑर्डिनेट्स आणि न कापलेला स्क्रीनशॉट द्या. एकाच वेळी पाच मॉडना पिंग केलं तर प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय.

आणि मॉडची काळजी घ्या. यातले बहुतेक लोक बिनपगारी काम करतात, नोकरी किंवा अभ्यास सांभाळून रात्री बसतात आणि शिव्या वाचतात. आमच्याकडे कोणीही न विचारता दोन आठवडे रजा घेऊ शकतो आणि अर्ध्या रात्रीनंतर बॅनचा निर्णय घ्यायचा नाही असा नियम आहे. माझा तो तीस दिवसांचा बॅन पहाटे दोनला दिलेला होता.

माफी मागायची तर जिथे बॅन जाहीर झाला तिथेच मागा, खासगी निरोपात नाही. मी लिहिलं: "काल मी दिलेला बॅन चुकीचा होता. भिंत त्याचीच होती. मी अर्ध्याच नोंदी पाहिल्या. बॅन काढला आहे, त्याच्या नावावर त्याची खूण राहणार नाही." त्यात "पण" नव्हता, "तरीही काळजी घ्या" नव्हतं. त्यावर त्याने काहीच लिहिलं नाही. दोन दिवसांनी तो ऑनलाइन आला, मी रोलबॅकने उभी केलेली भिंत त्याने पुन्हा फोडली आणि तिथे खिडकी बसवली.