पीटीएसडीवरच्या (मोठ्या धक्क्यानंतर जडणारा मानसिक त्रास) नव्या उपचारांचं अमेरिकेत बिल, म्हणजे कायद्याचा मसुदा आला, मग तो बघायचा कसा?

भाचा अमेरिकन आर्मीतून बाहेर पडलाय, टेक्सासला असतो, रात्र रात्र झोप नाही. परवा फॅमिली ग्रुपवर कोणीतरी टाकलं की एमडीएमए थेरपीचा (एमडीएमए नावाचं नशेचं द्रव्य देऊन करायचा पीटीएसडीचा उपचार) कायदा झाला, आणि ताईचा लगेच फोन, आता गोळी मिळेल ना रे? बघितलं तर नुसतं बिल मांडलेलं. म्हणून लिहितोय.

आधी बातमीत बिलाचा नंबर शोधा. एच.आर. म्हणजे हाउसचं, नुसतं एस. म्हणजे सेनेटचं (ही अमेरिकेच्या संसदेची, म्हणजे काँग्रेसची, दोन सभागृहं). तो काँग्रेस डॉट गव्हवर टाकला की 'इन्ट्रोड्यूस्ड' ते 'बिकेम लॉ' अशी पट्टी दिसते, बहुतेक बिलं पट्टीच्या पहिल्याच टप्प्यावर अडकलेली असतात, कमिटीत गेली की गेलीच. आणि काँग्रेस दोन वर्षांची असते, 119वी 3 जानेवारी 2027 ला संपते, तोपर्यंत पास नाही झालं तर बिल बाद, परत पहिल्यापासून मांडा.

मग टेक्स्ट उघडा. सगळं वाचत बसू नका, 'शॅल' आहे का 'मे' तेवढं बघा. शॅल म्हणजे करावंच लागणार, मे म्हणजे साहेबांची मर्जी. पैशांपुढे 'ऑथराइज्ड' (खर्चाला परवानगी) असलं तरी खूश होऊ नका, पैसे हातात यायला अप्रोप्रिएशन, म्हणजे प्रत्यक्ष निधीची मंजुरी, वेगळी लागते.

आता खरी मेख, व्याख्या, म्हणजे कायदा नक्की कोणाला आणि कशाला लागू. डिसेंबर 2023 च्या डिफेन्स कायद्यात सायकेडेलिक (एमडीएमएसारखी मनावर परिणाम करणारी द्रव्यं) रिसर्चची तरतूद आली ती नोकरीत असलेल्या सैनिकांसाठी, म्हणजे आमचा भाचा त्यात बसतच नाही! टेक्सासनं 2025 मध्ये आयबोगेनसाठी (असंच एक, झाडापासून मिळणारं द्रव्य) 5 कोटी डॉलर ठेवले, तेही ट्रायलसाठी, म्हणजे माणसांवरच्या चाचणीसाठी, दवाखान्यात औषध द्यायला नाही. (आयबोगेननं हार्टचे ठोके बिघडू शकतात, उगाच मेक्सिकोतल्या क्लिनिकची तिकिटं काढू नका.)

आणि औषधाला मंजुरी एफडीए, म्हणजे अमेरिकेचं औषध नियामक खातं देतं. एमडीएमएला त्यांनी ऑगस्ट 2024 मध्ये नाही म्हटलं, अजून एक फेज 3 ट्रायल (मंजुरीआधीची मोठी चाचणी) मागितली. त्यामुळे कायदेशीर रस्ता म्हणजे ट्रायल, क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्हवर 'रिक्रूटिंग' (भरती चालू) फिल्टर लावायचा आणि कोणाला घेतात, कोणाला नाही ते नीट वाचायचं.

तोवर व्हीएकडे (माजी सैनिकांचं सरकारी खातं) पीटीएसडीची टॉक थेरपी आजही मिळते, त्याला कुठलं नवं बिल लागत नाही. ताईला सांगून भाच्याच्या फोनमध्ये एक नंबर सेव्ह करायला लावलाय, 988, लागला की 1 दाबायचं, व्हेटरन्सची क्रायसिस लाइन आहे, 24 तास.