डफ वाजवणारा रोबो: इलेक्ट्रॉनिक पॉप अल्बमसाठी यांत्रिक साथीदार

जॉर्जिया टेकमधला शिमॉन हा रोबो चार हातांनी मारिंबा (लाकडी पट्ट्यांचं वाद्य) वाजवतो आणि समोरच्याचं ऐकून त्याला उत्तरही देतो. घरच्या अल्बमला एवढं लागत नाही. डफ, टाळ, लाकडी ठोकळा आणि घुंगरं एवढी चार वाद्यं संगणकाच्या तालावर वाजली, तरी सिंथच्या (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डच्या) गुळगुळीत आवाजाखाली खरं चामडं आणि खरं पितळ येतं.

सामान पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं. स्प्रिंगसह 12 व्होल्टचे चार सोलेनॉइड (वीज दिली की दांडा पुढे फेकणारी कॉइल; दांड्याचं टोकच वाद्यावर ठोका देतं), साधारण 10 मिमी स्ट्रोकचे, म्हणजे दांडा तेवढा सरकतो. संगणकाचा हुकूम सोलेनॉइडपर्यंत नेणारा छोटा बोर्ड म्हणून आर्डुइनो लिओनार्डो घ्या. आर्डुइनोच्याच उनो बोर्डाला मूळ फर्मवेअरवर थेट यूएसबी-मिडी (संगणकाकडून वाद्याला जाणारे नोटांचे संदेश) जमत नाही. चार आयआरएलझेड44एन मॉस्फेट (बोर्डाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच; गेट, ड्रेन, सोर्स हे त्यांचे तीन पाय), चार 1एन4007 डायोड, 220 ओहम आणि 10 किलोओहमचे चार-चार रेझिस्टर, 2200 मायक्रोफॅरड 25 व्होल्टचा कपॅसिटर. सोलेनॉइडचा रोध मीटरने मोजा: 12 ओहम भरला तर प्रत्येकी 1 अँपिअर, चारही एकदम वाजले तर 4. म्हणून एसएमपीएस (12 व्होल्टचा वीजपुरवठा) 5 अँपिअरचा. दुकानदार आयआरएफ540 हा मॉस्फेट पुढे करेल, तो नको. 5 व्होल्टवर तो पूर्ण उघडत नाही; स्वतः तापतो आणि ठोका लेचापेचा पडतो.

आर्डुइनोच्या पिनेपासून 220 ओहममधून गेट, गेटपासून ग्राउंडला 10 किलोओहम. नाहीतर बोर्ड सुरू होताना वाद्यं आपोआप वाजतात. सोर्स ग्राउंडला, ड्रेन सोलेनॉइडला, सोलेनॉइडचं दुसरं टोक 12 व्होल्टला. डायोड सोलेनॉइडला समांतर, त्याचा पट्टा 12 व्होल्टच्या बाजूला. तो विसरलात तर वीज तुटताना कॉइलमधून उसळणारा दाब मॉस्फेट मारतो. कपॅसिटर पुरवठ्याच्या दोन टोकांवर, आणि आर्डुइनो व पुरवठा या दोन्हींचं ग्राउंड एकत्र.

ठोक्याचा जोर पल्सच्या लांबीवरून, म्हणजे सोलेनॉइडला वीज किती वेळ मिळते यावरून ठरतो. मिडी व्हेलॉसिटी (नोटेच्या जोराचा आकडा) 1 ते 127 ही 8 ते 25 मिलिसेकंदांवर बसवा आणि मग कानाने जुळवा. पल्स लांबली की टोक चामड्यावर दाबून राहतं आणि गुंज मरते. डफाच्या बाबतीत हीच चूक सगळ्यात जास्त होते. कोडमध्ये डिले() वापरू नका, कारण एक ठोका संपेपर्यंत बाकीचे अडकतात. मिलिस() वापरा. कुठलीही पिन 40 मिलिसेकंदांपलीकडे चालू राहणार नाही असा बंद नियम घाला, नाहीतर अडकलेली नोट कॉइल जाळते.

आता उशीर. मिडी निघून टोक चामड्यावर आदळेपर्यंत वेळ जातो. संगणकाचा क्लिक (तालाची टिकटिक) आणि ठोका एकत्र रेकॉर्ड करा, दोघांमधलं अंतर मोजा (48 किलोहर्ट्झवर 48 सँपल म्हणजे 1 मिलिसेकंद) आणि मिडी ट्रॅक तेवढा आधी सरकवा. मात्र हळू ठोका जोरदार ठोक्यापेक्षा उशिरा पोचतो, त्यामुळे एकच आकडा पुरत नाही. तीन-चार व्हेलॉसिटींवर मोजा आणि जोरदार ठोके कोडमध्ये त्या फरकाएवढे थांबवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण ताल बसतो तो इथेच.

120 बीपीएमला (मिनिटाला 120 ठोके) सोळावी मात्रा 125 मिलिसेकंदांची, बत्तिसावी 62.5 ची. तेवढ्यात स्प्रिंग टोक मागे आणतेच असं नाही. जलद बोल हवे असतील तर एका डफावर दोन सोलेनॉइड लावून डावा-उजवा असे आळीपाळीने वाजवा.

सोलेनॉइडची स्वतःची टकटक माइकमध्ये येते. दांड्याच्या थांब्याखाली नमदा, सोलेनॉइड बसवलेल्या पट्टीखाली रबर, आणि यंत्राचा स्टँड वाद्याच्या स्टँडपासून वेगळा. माइक डफाच्या दुसऱ्या बाजूला, 10-15 सेंमीवर.

एक बार रेकॉर्ड करून लूप करू नका. अख्खं गाणं तीनदा घ्या. कॉइल तापली की तांब्याचा रोध वाढतो, तापमान 50 अंशांनी चढलं तर साधारण 20 टक्के, आणि शेवटचं कडवं पहिल्यापेक्षा मऊ वाजतं. दोन टेकमध्ये दहा मिनिटं थांबा, कॉइलला हात लावून पाहा, मग पुढचा टेक.