जंगलातून लाकूड काढताना या चुका टाळा

लाकूडतोडीचं नुकसान किती झालं, हे बहुतेक जण पाडलेल्या झाडांवरून ठरवतात. चूक इथेच सुरू होते. निवडक तोडीत हेक्टरी मोजकीच झाडं पडतात, पण ओंडके बाहेर नेण्यासाठी काढलेला रस्ता मागे राहतो. त्याच रस्त्याने शिकारी येतात, चोरटी तोड सुरू होते आणि पाठोपाठ शेतीसाठी जंगल साफ करणारेही पोचतात. म्हणून काम संपल्यावर रस्ता बंद करायचा आणि तात्पुरते पूल काढून टाकायचे, हे करारातच लिहून घ्या. एकदा लाकूड विकलं गेलं की त्यासाठी पैसे द्यायला कुणी पुढे येत नाही.

दुसरी चूक म्हणजे ओल्या मातीवर अवजड यंत्रं घालणं. माती दबते, पाणी मुरेनासं होतं आणि चाकोऱ्यांतून वाहत जाऊन ओढ्यात गाळ ओततं. ओंडके ओढण्याच्या वाटा तोडीआधीच आखा, ओढ्याकाठची पट्टी राखून ठेवा आणि जमीन भिजलेली असेल तर काम थांबवा. चाकोऱ्या पडल्याच असतील तर उतारावर जागोजागी तिरके बांध घालून पाणी बाजूच्या झाडोऱ्यात वळवा, वर फांद्या पसरा. उष्ण कटिबंधातल्या जंगलात वेलींनी झाडं एकमेकांना जखडलेली असतात. एक पाडलं की शेजारची चार ओढली जातात. अशा वेली काही महिने आधी कापून वाळू द्याव्यात.

वाळकी, पडलेली झाडं 'कचरा' समजून उचलू नका. फिनलंडच्या जंगलांतल्या साधारण पाव जाती अशा मेलेल्या लाकडावर अवलंबून आहेत.

रोपं लावली की हिशेब फिटला, हाही गैरसमजच. जुन्या झाडातला कार्बन नव्या रोपात साठायला दशकं लागतात, आणि एकाच जातीची लागवड म्हणजे जंगल नव्हे.

माणसांच्या बाबतीतली चूक मला सर्वांत गंभीर वाटते: नकाशावर जंगल रिकामं दिसतं म्हणून तिथे कुणाचा हक्क नाही असं धरून चालणं. मध, औषधी, चारा, देवस्थानं यांची नोंद कागदावर क्वचितच असते. आदिवासी समूहांची मुक्त, पूर्वसूचित संमती हवी, असं संयुक्त राष्ट्रांचा २००७ चा जाहीरनामा सांगतो. यंत्रं पोचल्यावर घेतलेल्या सहीला संमती म्हणता येत नाही. बैठक आधी घ्या, बायकांनाही बोलवा. सरपणाच्या वाटा त्यांनाच ठाऊक असतात. जगात तोडल्या जाणाऱ्या लाकडापैकी जवळपास निम्मं जळणासाठी जातं. म्हणूनच पर्यायी इंधन न देता सरपणावर बंदी घातली, की तीच तोड चोरून होते.

विकत घेणाऱ्यांसाठीही एक इशारा. जंगलं आणि त्यांतलं लाकूड प्रमाणित करणाऱ्या, १९९३ साली स्थापन झालेल्या एफएससी (फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल) या संस्थेचा शिक्का पाहिला की पुढे वाचणं थांबतं. 'मिक्स' लिहिलेल्या मालातलं सगळंच लाकूड प्रमाणित जंगलातलं असतं असं नाही. प्रमाणपत्राचा क्रमांक मागा, तो संस्थेच्या संकेतस्थळावर तपासा आणि लाकडाची जात व मूळ देश बिलावर लिहून घ्या.