आरएमसी (रेडी-मिक्स काँक्रीट) प्लांटचा सिमेंट सायलो: किती टनी घ्यायचा, कसा भरायचा, पावसाळ्यात कसा जपायचा

सायलो, म्हणजे सिमेंट साठवायची उभी टाकी, घेताना पहिला प्रश्न 'किती टनी?' हाच असतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. टन हे सिमेंटचं माप. टाकीचं माप घनमीटर. कोटेशनमधले १०० टन बहुतेक वेळा घनमीटरला १,४४० किलो धरून काढलेले असतात, म्हणजे टाकी जेमतेम ७० घनमीटरची. पण बल्करमधून (सुटं सिमेंट आणणाऱ्या टँकरमधून) हवेच्या जोरावर वर गेलेलं सिमेंट फुगलेलं असतं. ताजं भरलेलं घनमीटरला १,१०० ते १,२०० किलोच भरतं, त्यामुळे त्या टाकीत त्या दिवशी ८० टनांच्या आसपास माल बसतो. फ्लाय ॲश (सिमेंटसोबत वापरायची कोळशाची बारीक राख) आणखी हलकी. तिचे ५५ टन झाले की टाकी भरली. म्हणून कोटेशनवर घनमीटर लिहून घ्या, आणि वरचा दहावा हिस्सा मोकळा राहील असा हिशेब करा.

आता गरज किती ते पाहू. ताशी ३० घनमीटरचा प्लांट दहा तासांत प्रत्यक्षात १८० घनमीटरच्या आसपास काँक्रीट काढतो. घनमीटरला २८० किलो ओपीसी (साधं पोर्टलँड सिमेंट) आणि ९० किलो फ्लाय ॲश धरली, तर दिवसाला ५० टन सिमेंट आणि १६ टन ॲश लागते. एक दिवसाचा साठा शिल्लक असताना २८-३० टनांचा अख्खा बल्कर रिकामा करता आला पाहिजे. म्हणजे सिमेंटला खरोखर ८० टन बसतील एवढी टाकी हवी आणि ॲशला वेगळी. ५० टनी सायलो स्वस्त पडतो, पण अर्धा बल्कर दारात ताटकळत ठेवण्याचं भाडं वर्षभरात तो फरक खाऊन टाकतं.

रस्ता अरुंद असेल किंवा दर दोन वर्षांनी साइट बदलत असेल, तर बोल्टचा सायलो घ्या; पत्रे ट्रकमधून येतात. त्यात जोडांचे गास्केट हीच दुखरी जागा. एकाच जागी राहणार असाल तर वेल्डिंगचा बरा. सायलोच्या तळाच्या शंकूचा, म्हणजे कोनाचा, उतार आडव्या रेषेशी ६० अंशांपेक्षा कमी नको. उंची वाचवायला ५० अंशांचा कोन देणारे भेटतात, पण त्यात सिमेंट कडेला चिकटून बसतं.

पाया करताना दोन अवस्था तपासायच्या. भरलेला सायलो स्वतःच्या वजनासकट ११० टनांचा, म्हणजे सायलोच्या चार पायांपैकी प्रत्येकावर साडेसत्तावीस टन, वर वाऱ्याचा भार. रिकामा असताना उलटं: वारा त्याला उपटू पाहतो आणि सगळी मदार अँकर बोल्टवर येते. आयएस ८७५ भाग ३ (वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक) प्रमाणे वाऱ्याचा मूळ वेग पुण्याला सेकंदाला ३९ मीटर, मुंबईला ४४. पुण्याचं ड्रॉइंग किनाऱ्यावर जसंच्या तसं वापरू नका.

सायलो टनांवर विकला जात असला, तरी त्याचं बरंवाईट हवेवर ठरतं. बल्करची टाकी दाब सोसायला बनवलेली असते आणि भरणं साधारण एक बारवर चालतं. सायलो दाब सोसणारी टाकी नाही. आत आलेली सगळी हवा वरच्या बॅग फिल्टरमधूनच बाहेर पडायला हवी. फिल्टर तुंबला आणि रिलीफ व्हॉल्व्हवर (जादा दाब सोडणाऱ्या झडपेवर) सिमेंटची खपली धरली, तर फिल्टर टोपीसारखा उडतो किंवा छताची शिवण फाटते. हे सगळ्यात जास्त घडतं ते शेवटच्या पाच मिनिटांत. बल्कर रिकामा होत आला की होजमधला माल संपतो आणि कोंडलेली हवा एकदम वर धावते. ड्रायव्हरला त्या वेळी व्हॉल्व्ह आवळायला सांगा. 'लवकर खाली होतोय' म्हणून तो पूर्ण उघडतो, तसं करू देऊ नका.

भरण्याआधी चलन पाहा आणि मूठभर माल हातात घेऊन बघा. ॲश आणि सिमेंट चुकून अदलाबदल होणं ही या धंद्यातली सगळ्यात महागडी चूक. ती कळते तेव्हा स्लॅब ओतून झालेला असतो. प्रत्येक फिल पाइपला वेगळा रंग आणि कुलूप, किल्ली ऑपरेटरकडे. मग लेव्हल इंडिकेटर तपासा आणि फिल्टरच्या जेटची (पिशव्या झटकणाऱ्या झोताची) हवा ५-६ बार आहे ना ते पाहा. भरून झाल्यावरही जेट दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. रिलीफ व्हॉल्व्ह आठवड्यातून एकदा हाताने उचलून पाहायचा. शिडी चढायचा कंटाळा इथेच नडतो.

नुकत्याच भरलेल्या सायलोत सिमेंट पाण्यासारखं वाहतं. स्क्रू (सिमेंट काट्यापर्यंत नेणारा कन्व्हेयर) थांबला तरी माल सरकत राहतो आणि वजन पुढे जातं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकात सिमेंटच्या मापाला दोन टक्क्यांची सूट आहे. २८० किलोवर ती साडेपाच किलो. त्यामुळे भरल्यावर थोडा वेळ थांबा आणि पहिल्या बॅचला काट्याचा आकडा स्वतः पाहा.

याच्या उलट दुखणं म्हणजे माल न उतरणं. कोनात कमान धरली, म्हणजे माल तोंडावर अडकून राहिला, की घण घेऊन धावतात. जुन्या प्लांटवरचे कोन पोचे पडलेल्या पातेल्यासारखे दिसतात ते त्यामुळेच, आणि प्रत्येक पोचा पुढच्या कमानीला टेकू देतो. त्याऐवजी एअरेशन पॅडना (कोनातून माल सुटा करायला हवा सोडणाऱ्या पॅडना) हवा द्या: दोन-तीन सेकंद सोडा, दहा-पंधरा सेकंद थांबा, आणि तेही स्क्रू चालू असतानाच. हवा कोरडीच हवी. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सकाळी काढलं नाही, तर तेच पाणी पॅडमधून कोनात जातं आणि सिमेंट तिथेच आवळतं.

पावसाळ्यात पाणी छतातून कमी आणि मॅनहोलचा गास्केट, फिल्टरची फ्लँज आणि वायर जायचं भोक यांतून जास्त शिरतं. मे महिन्यात या तीन जागा पाहून घ्या. स्क्रूच्या तोंडाशी लिंबाएवढे खडे दिसू लागले, तर वर गळती आहे असं समजा. खडे वेचत बसून उपयोग नाही.

भिंतीला सिमेंट चिकटलं म्हणून माणसाला आत उतरवू नका. वरून निखळलेला थर त्याला गाडतो, आणि पायाखालचा माल सरकला तर दोर ओढायलाही वेळ मिळत नाही. स्क्रूची वीज तोडून कुलूप लावा, वरच्या मॅनहोलमधून लांब नळीने हवा मारून थर पाडा. तेवढ्याने भागलं नाही तर सायलो साफ करणारी, हार्नेस आणि बचावाची तयारी असलेली माणसं बोलवा.