सर्क्युलर सॉचं ब्लेड कसं निवडायचं, कसं बसवायचं आणि बोटं कशी शाबूत ठेवायची

मशीनमध्ये दम नाही म्हणून नवीन मशीन घ्यायला निघालेले बरेच लोक बघितलेत, आणि जाऊन बघावं तर मशीन ठणठणीत असतं, ब्लेड चुकीचं नाहीतर बोथट. मग माणूस मागून रेटतो, आणि रेटताना हात घसरतो. म्हणून आधी ब्लेडचं बघू.

पहिला प्रश्न, लाकूड चिरायचंय की आडवं कापायचंय? रेषांच्या दिशेने चिरायचं असेल तर कमी दाते लागतात. सव्वासात इंची (185 मिमी) ब्लेडला 24 दाते म्हणजे दोन दातांमध्ये मोठी खाच, भुसा पटापट बाहेर. आडव्या कापाला किंवा प्लायला 60 दात्यांचं घ्या, काप हळू होतो पण कडा साफ येते. एकच ब्लेड घेऊन सगळं भागवायचं असेल तर 40. मी एकदा आळस करून 24 दात्यांच्याच ब्लेडने लॅमिनेट लावलेला प्लाय कापला, कडा अशी निघाली की उंदराने कुरतडल्यासारखी, अख्खं पॅनल दोन सेंटिमीटरने बारीक करावं लागलं.

दातांचा आकारही बघा. सपाट माथ्याचे दात चिरायला, एक डावीकडे एक उजवीकडे तिरका तासलेला असे दात प्लाय आणि आडव्या कापाला, आणि एक सपाट, एक दोन्ही कोपरे तासलेला अशी जोडी असेल तर लॅमिनेट, एमडीएफ आणि ॲल्युमिनियमला. ॲल्युमिनियमसाठी मात्र धातूचं म्हणून लिहिलेलंच ब्लेड घ्या, लाकडाचं चालवून बघू नका.

आता ब्लेडवर छापलेलं वाचा. मधल्या भोकाचं माप मशीनच्या शाफ्टशी जुळलं पाहिजे, आणि ब्लेडची कमाल आरपीएम (मिनिटाला किती फेरे) मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्तच हवी. ह्याच कारणामुळे चार इंची ग्राइंडरला दात्यांचं लाकडाचं ब्लेड लावणं हा मला शुद्ध वेडेपणा वाटतो. ग्राइंडर 11,000 आरपीएमच्या आसपास फिरतो, त्याचा गार्ड, म्हणजे ब्लेडवरचं संरक्षक झाकण, घासायच्या चकतीसाठी बनवलेला असतो, आणि दात लाकडात अडकला की मशीन सरळ अंगावर येतं. कितीही जण करताना दिसले तरी करू नका.

बसवताना आधी प्लग काढा. स्विच बंद केला म्हणजे झालं असं नाही, प्लग हातात दिसला पाहिजे, बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरी बाहेर. ब्लेड ज्या दिशेला फिरतं त्या दिशेला पाना फिरवला की नट सैल होतो, हे लक्षात राहिलं की उलटी चूडी का सुलटी ह्यात डोकं घालवावं लागत नाही. वॉशरवरचा भुसा पुसा, नाहीतर ब्लेड डुगडुगतं. ब्लेडवरचा बाण आणि गार्डवरचा बाण एकाच दिशेला. नट घट्ट केला की ब्लेड हाताने फिरवून बघा, आणि खालचा गार्ड सोडल्यावर आपोआप बंद होतोय ना तेही बघा. तो तारेने बांधून ठेवणारे महाभाग असतात, त्यांना सांगा की 185 मिमीचं ब्लेड 5,500 आरपीएमला फिरतं तेव्हा दाताचा वेग ताशी 190 किमीच्या आसपास असतो.

कापाची खोली इतकीच ठेवा की फळीच्या खाली साधारण एक दात, म्हणजे 5 मिमी दिसेल. हातातल्या मशीनचे दाते खालून वर येतात म्हणून चांगली बाजू खाली ठेवायची, टेबल सॉवर, म्हणजे टेबलात बसवलेल्या सॉवर, उलटं, चांगली बाजू वर.

सगळ्यात घात करतो तो फळीचा आधार. दोन स्टुलांवर फळी ठेवून मधोमध कापलं की ती मध्ये दबते, काप मिटतो, ब्लेड चिमटतं आणि मशीन झटक्यात मागे उसळतं. माझ्या वेळी ते मांडीच्या वीतभर बाजूने गेलं, कारण मी ब्लेडच्या रेषेत उभा नव्हतो, आणि खरं सांगायचं तर तो योगायोगच होता, शिस्त नव्हे. तेव्हापासून फळीचा मोठा भाग पूर्ण टेकवतो, बाहेरचा तुकडा मोकळा पडू देतो. टेबल सॉवर ब्लेडच्या मागची पातळ पट्टी काढून ठेवू नका, ती काप मिटू न देण्यासाठीच असते, आणि अरुंद तुकडा असेल तर बोटाने नाही, दांडीने ढकला.

गॉगल, कानाला मफ, नाकाला चांगला मास्क, कारण कठीण लाकडाचा बारीक भुसा कॅन्सरला कारणीभूत ठरतो. हातमोजे मात्र नकोत, दोरा अडकला की हात आत ओढला जातो. लांब बाही दुमडा.

ब्लेड बोथट वाटलं तर फेकण्याआधी धुवा. बऱ्याचदा दातांवर डिंक चिकटलेला असतो, कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, तेलाचा हलका हात फिरवा. तरीही लाकूड काळं पडत असेल तर धार लावायला द्या. कार्बाइडचा (दाताच्या टोकाला बसवलेल्या कठीण तुकड्याचा) एखादा दात उडालेला दिसला तर मात्र ते ब्लेड मशीनला परत लावू नका.