बॅकिंग ट्रॅकवर गिटार: घरच्या कॉम्प्युटरवर सम न चुकवता रेकॉर्डिंग

वाजवताना सगळे जमून आल्यासारखे वाटते आणि रेकॉर्डिंग ऐकले की गिटार बॅकिंग ट्रॅकच्या, म्हणजे तयार साथसंगतीच्या, किंचित मागे रेंगाळते, सूरही काठावरच लागतो. दोष बहुतेक वेळा हाताचा नसतो. ट्रॅक तपासून घेतलेला नसतो आणि कॉम्प्युटर किती उशीर करतो हे कोणी मोजलेले नसते. ही दोन कामे आधी उरकली तर साध्या साहित्यावरही रेकॉर्डिंग छान होते. ती राहिली तर महागड्या गिटारचाही इलाज चालत नाही.

साहित्याचे थोडक्यात सांगतो. गिटारची केबल लॅपटॉपच्या माइकच्या भोकात लावू नका. तो इनपुट पिकअपवर (तारांची कंपने विजेत बदलणाऱ्या भागावर) फार भार टाकतो, तीव्र स्वरांची चमक खातो आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा होतो. ऑडिओ इंटरफेसवर (गिटार कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीवर) ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ लिहिलेला इनपुट असतो, तो साधारण १० लाख ओहमचा असतो आणि गिटारला तोच हवा. फोकसराइट स्कार्लेट सोलो किंवा बेहरिंगर यूएमसी २०२ एचडी यांपैकी कोणताही पुरे. निवडताना एकच बघा: कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजवर आवाज कमी उशिराने नेणारे सॉफ्टवेअर) आहे का. हेडफोन बंद कपांचे आणि वायरचे घ्या. ब्लूटूथ हेडफोनमध्ये १००-२०० मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो, त्यावर लय धरणे अशक्य आहे.

रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर म्हणून रीपर चांगले. ६० दिवस पूर्ण रूपात वापरून बघता येते, मग परवाना घ्यावा. मॅकवर गॅरेजबँड फुकट आहे. ऑडॅसिटीतही ट्रॅकवर वाजवून घेता येते, पण विंडोजवरच्या तिच्या नेहमीच्या आवृत्ती ३ मध्ये एएसआयओ नाही, त्यामुळे सॉफ्टवेअरमधल्या ॲम्पचा आवाज ऐकत ऐकत वाजवायचे असेल तर ती कामाची नाही.

आधी ट्रॅकची तपासणी

इंटरनेटवरून आलेला एमपी३ तसाच वापरू नका, आधी २४ बिट वेव्ह करून घ्या. एमपी३च्या सुरुवातीला काही मिलिसेकंदांची शांतता चिकटलेली असते आणि वेगवेगळी सॉफ्टवेअर ती वेगवेगळी वाचतात. उद्या प्रोजेक्ट दुसरीकडे उघडला की सगळे सरकलेले दिसते. वेव्ह केल्याने गुणवत्ता वाढत नाही, पण जागा पक्की होते. प्रोजेक्टचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ, एकच ठरवा आणि इंटरफेसवरही तोच ठेवा. ट्रॅक अचानक जवळजवळ दीड सेमीटोन चढा आणि थोडा घाईत वाजू लागला, तर ४४.१ची फाइल ४८वर वाजते आहे असे समजा.

आता सूर. जुन्या गाण्यांवरून केलेले ट्रॅक पुष्कळदा ४४० हर्ट्झवर नसतात. टेपची गती जराशी वेगळी असली की सगळेच सूर सरकतात. कराओकेवाले गायकाच्या सोयीने पट्टीही बदलतात. तपासायची रीत अशी: ट्रॅकमध्ये बास एकच सूर लांबवतो अशी जागा शोधा. तेवढ्या भागावर रीपरमधल्या रीईक्यू या इक्वलायझरने २०० हर्ट्झच्या वरचे सगळे कापा आणि त्यापुढे रीट्यून हा ट्यूनर लावा. आता काटा स्थिर दिसेल. समजा तो २० सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) खाली थांबतो, म्हणजे ट्रॅकचा ‘ए’ सुमारे ४३५ हर्ट्झ आहे. अशा वेळी ट्रॅकला हात लावू नका, ट्यूनरचा आधारस्वर ४३५ करून गिटार उतरवा. पूर्ण मिश्रणाची पट्टी सॉफ्टवेअरने बदलली की ड्रमचे आघात बोथट होतात. गिटारच्या तारा थोड्या उतरल्याने मात्र काहीच बिघडत नाही. फरक एक-दोन सेमीटोनचा असेल तर कॅपो (तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) किंवा वेगळी बोटे, हाच मार्ग.

ट्रॅक टाइमलाइनच्या अगदी आरंभाला चिकटवू नका. पुढे दोन आवर्तने मोकळी सोडा, म्हणजे क्लिकवर (मेट्रोनोमच्या ठोक्यांवर) लय धरून पहिल्या समेवर येता येते. आणि ट्रॅकचा फेडर ८ डेसिबल खाली आणा. तयार ट्रॅक ० डेसिबलच्या काठापर्यंत भरलेला असतो. त्यावर गिटार चढवत गेलात तर मास्टर, म्हणजे एकूण आवाजाचा मीटर, लाल होणारच.

दोन वेगळे उशीर

इथेच जास्तीत जास्त गोंधळ होतो. पहिला उशीर ऐकण्याचा: तार छेडली आणि हेडफोनमध्ये आवाज आला, यांतले अंतर. हा बफरवर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी किती सॅम्पल साठवून पुढे देतो त्यावर, ठरतो. ४४.१ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे एका बाजूने २.९ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.८, १०२४ म्हणजे २३. येताना आणि जाताना मिळून दुप्पट, वर कन्व्हर्टरचे थोडे. १० मिलिसेकंदांच्या आसपास बोटांना त्रास होत नाही, ३० झाले की हात आपोआप थांबून वाजवू लागतो. म्हणून रेकॉर्ड करताना १२८, मिक्स करताना १०२४. कडकड असा आवाज आला तर २५६ करा, लॅपटॉप पूर्ण क्षमतेच्या पॉवर प्लॅनवर ठेवा आणि वाय-फाय बंद करा.

इंटरफेसवरचे ‘डायरेक्ट’ बटण दाबले की गिटार कॉम्प्युटरमध्ये न जाता थेट हेडफोनमध्ये येते, हा उशीर संपतो. पण मग ॲम्पचा परिणाम ऐकू येत नाही. ते बटण आणि सॉफ्टवेअरमधले मॉनिटरिंग दोन्ही चालू राहिले तर आवाज दुहेरी, पोकळ येतो. एकच ठेवा.

दुसरा उशीर जागेचा: वाजवलेला सूर टाइमलाइनवर नेमका कुठे नोंदला गेला. डायरेक्ट मॉनिटरिंगने हा जात नाही. ड्रायव्हर आपला उशीर सांगतो, सॉफ्टवेअर तेवढे मागे सरकवते. ड्रायव्हरने चुकीचे सांगितले की प्रत्येक टेक (एका दमात केलेले रेकॉर्डिंग) तितकाच सरकतो. एएसआयओ४ऑलसारख्या सामायिक ड्रायव्हरवर हे विशेष घडते. तो मोजायचा असा:

१. एका ट्रॅकवर क्लिकसारखा तुटक, टोकदार आवाज ठेवा.
२. इंटरफेसच्या लाइन आउटपुटमधून त्याच्याच इनपुटमध्ये केबल लावा. इनपुट ‘लाइन’वर, गेन (इनपुटचा आवाज वाढवणारे बटण) शून्याजवळ. डायरेक्ट आणि सॉफ्टवेअर, दोन्ही मॉनिटरिंग बंद, नाहीतर आवाज फिरत राहून किंचाळेल. हेडफोन कानावरून काढा.
३. दुसऱ्या ट्रॅकवर ते रेकॉर्ड करा, पुरेसे झूम करून दोन्ही आघातांच्या सुरुवातींमधले अंतर सॅम्पलमध्ये मोजा.
४. रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ, मग रेकॉर्डिंग इथे तो आकडा ऑफसेट म्हणून भरा. ऑडॅसिटीत याला लेटन्सी कॉम्पेन्सेशन म्हणतात.
५. पुन्हा रेकॉर्ड करून बघा. अंतर दुप्पट झाले तर चिन्ह उलटे भरले आहे.

४४१ सॅम्पल म्हणजे ४४.१ला बरोबर १० मिलिसेकंद. ड्रायव्हर, बफर किंवा सॅम्पल रेट बदलला की चाचणी परत करा. पाच मिनिटांचे काम आहे, आणि ‘माझी लय कच्ची आहे’ असे समजून महिनोन्महिने कुढणाऱ्यांसाठी तर फार मोलाचे.

घरघर

इंदुरात रामबाग किंवा राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण आतली अर्थिंगची तार कुठेच पोचलेली नसते. मग ५० आणि १०० हर्ट्झची घरघर येते. कारण शोधायला तीन चाचण्या पुरतात. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला आणि आवाज गेला, तर चार्जर. तारांना हात लावताच कमी झाला, तर अर्थिंग. खुर्चीत फिरल्यावर कमी-जास्त झाला, तर सिंगल कॉइल पिकअप जवळच्या ट्यूबलाइटचा चोक, पंख्याचा रेग्युलेटर किंवा इन्व्हर्टर ऐकतो आहे. तिथून दूर व्हा, ज्या कोनात आवाज कमीत कमी तिथे बसा. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर टेक घेऊच नका, पुष्कळशा घरगुती इन्व्हर्टरची लाट चौकोनी असते आणि ती भणभण करते. अर्थची पिन कापून घरघर घालवण्याचा सल्ला कोणी देईल, तो मुळीच ऐकू नका. गिटारच्या तारा विजेच्या अर्थला जोडलेल्या असतात, त्यात झटक्याचा धोका आहे. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग नीट करून घ्या.

टेक घेताना

सगळ्यात जोरात येणारा भाग वाजवून गेन लावा, हळू वाजवून नको. सर्वोच्च टोक उणे १२ डेसिबलच्या जवळपास राहू द्या. २४ बिटमध्ये हे भरपूर आहे, आणि क्लिप झालेला टेक नंतर दुरुस्त होत नाही. ट्रॅकवर ॲम्प लावला तरी रेकॉर्ड कोरा आवाजच करा, म्हणजे ॲम्प नंतर बदलता येतो. न्यूरल ॲम्प मॉडेलर हे ॲम्पचे सॉफ्टवेअर फुकट आहे. विकृत आवाज मधमाश्यांसारखा आला तर कॅबिनेटचा इम्पल्स रिस्पॉन्स (स्पीकरच्या पेटीचा परिणाम टिपलेली फाइल) लावायचा राहिला असेल. प्रत्येक टेकआधी तारा परत सुरात लावा. चूक दुरुस्त करताना दोन मात्रा आधीपासून वाजवत या आणि जोड १० मिलिसेकंदांच्या क्रॉसफेडने (एक आवाज उतरताना दुसरा चढवून) झाका. डाव्या-उजव्या बाजूला रिदम हवा असेल तर खरोखर दोनदा वाजवा, एकच टेक कॉपी केला तर तो रुंद न होता फक्त मोठा होतो.

ॲकॉस्टिकला कंडेन्सर माइक १२व्या पडद्याच्या दिशेने, २० सेंटिमीटरवर. भोकासमोर नको, तिथे बास घुमतो. पंखा बंदच हवा. इंदुरात सकाळी कचरागाडी गाणे वाजवत गल्लीतून जाते, म्हणून मे महिन्यात रात्री अकरानंतरची वेळ बरी, माळव्याची रात्र तोवर निवलेली असते.

मिक्समध्ये गिटारचा ८० हर्ट्झखालचा भाग कापा, सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झवर आहे, खाली फक्त गडगड उरते. गिटार दबते आहे असे वाटले तर ती वाढवण्याआधी ट्रॅकमधूनच २ किलोहर्ट्झच्या आसपास २-३ डेसिबल काढून बघा. बहुतेक वेळा तेवढ्याने ती पुढे येते. डिले लावताना ६०,००० भागिले बीपीएम करा: ९६ बीपीएमला एक मात्रा ६२५ मिलिसेकंद, पाऊणपट ४६९. रिव्हर्ब कमीच, तो ट्रॅकमध्ये आधीच असतो.

शेवटी वेव्ह निर्यात करताना सर्वोच्च टोक उणे १ डेसिबलवर थांबवा. फोल्डरमध्ये ट्रॅकची वेव्ह, कोरे टेक आणि एक छोटी टेक्स्ट फाइल ठेवा: बीपीएम, आधारस्वर, कॅपो, सॅम्पल रेट, बफर, ऑफसेट. सहा महिन्यांनी एक ओळ नव्याने वाजवायची वेळ आली तर हेच आकडे लागतात.